नव्या तलावातला चुना

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग आठवतो? नव्याने गिलावा केलेला पोहण्याचा तलाव भरला की तोच प्रयोग हजारो लिटर पाण्यात घडतो.

हा गिलावा म्हणजे पांढरे सिमेंट आणि संगमरवराचा चुरा, जाडी जेमतेम एक सेंटिमीटर. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. वरून कडक लागला तरी गिलावा मुरायला साधारण २८ दिवस लागतात, आणि त्यातले बहुतेक दिवस तो पाण्याखालीच असतो. चुना लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, पण तेवढ्यानेही निवळीचा सामू (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) १२.४ पर्यंत चढतो. तलावाला हवा ७.२ ते ७.८.

बाहेर आलेल्या चुन्याला पाण्यातले बायकार्बोनेट भेटले की कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि तळाशी पांढरी भुकटी साचते. ही भुकटी बाहेरची धूळ नव्हे, गिलाव्यातूनच निघालेला माल आहे. ती तशीच राहिली तर जागच्या जागी चिकटून पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून सुरुवातीला दिवसातून दोनदा ब्रश फिरवायचा.

जुनी रीत आम्लाची. हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून सामू पार खाली आणला की भुकटी विरघळते, पाणी लख्ख दिसते. मला ही रीत अजिबात पटत नाही. आम्ल भुकटीपाशी थांबत नाही. ते संगमरवर आणि सिमेंटही खाते, आणि कोवळा गिलावा कायमचा ओरखडल्यासारखा होतो.

त्यापेक्षा पाणी भरतानाच त्यात खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, विरघळवणे चांगले. बायकार्बोनेट मुबलक असले की चुना पाण्यात पसरण्याआधी गिलाव्याच्या पृष्ठभागावरच कार्बोनेट होतो आणि बारीक छिद्रे बुजवतो. रासायनिक क्रिया तीच, फक्त जागा बदलते. सोडा किती लागेल ते भरायच्या पाण्यावर ठरते: जड पाण्यात बायकार्बोनेट मुळातच असते, मृदू पाणी मात्र चुन्याला हपापलेले. अमेरिकी अभियंते लँजेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक हीच भूक मोजतो. तो ऋण आला तर पाणी गिलावा खाणार.

भरताना मध्येच नळ बंद करू नये, भिंतीवर पाण्याची रेघ उमटते. क्लोरीन बनवण्यासाठी मीठ वापरत असाल तर ते २८ दिवस घालू नये. सामू मात्र रोज तपासावा. तो चढला की थोडे आम्ल बादलीभर पाण्यात मिसळून टाकावे (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीही नाही). आठवड्यांमागून त्याचे चढणे मंदावते, तसतसा आतला चुनाही कमी सुटू लागलेला असतो.