अंग भरलंय आणि रक्त कमी व्हय?

वहिनीचा रिपोर्ट आला तेव्हा काकू पहिल्यांदा हेच म्हणाली. वजन ८२ किलो आणि हिमोग्लोबिन ९.८, बायकांना निदान १२ तरी पाहिजे. काकूचं पण काय चुकलं, रक्त कमी म्हटलं की आपल्याला हाडं दिसणारा माणूसच आठवतो.

पण वजन वाढतं कॅलरीनं, आणि लोह, झिंक, फोलेट, बी१२ यांचं खातं एकदम वेगळं, एक भरून वाहतंय म्हणून दुसऱ्यात काय असेलच असं नाही.

रविवारी राजारामपुरीत मिसळ खाताना एकदा प्लेट नीट बघा. तळाला मटकी दोन चमचे, वर मूठभर फरसाण, त्यावर तवंगवाला कट आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस, संपल्या की अजून दोन. ह्यात खरी कामाची ती मटकी, कारण मोड आले की कडधान्यातलं लोह आणि झिंक अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं, आणि वर लिंबू पिळतो ना, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं ते लोह आतड्यात जास्त शोषलं जातं. तेलात मात्र ग्रॅमला ९ कॅलरी आणि लोह जवळजवळ शून्य. मैद्याचं पण तेच, कोंडा आणि अंकुर काढून टाकला की गव्हातली बरीचशी खनिजं त्याच्याबरोबरच जातात. एवढं झालं की लगेच चहा, आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं! मिसळीला नावं ठेवत नाही हां, कोल्हापुरातच राहायचंय मला, फक्त मटकी वाढवून मागा म्हणतोय.

आता खरी गंमत. समजा लोह पोटात गेलं, तरी जाड माणसाला ते पूर्ण मिळत नाही. चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, फार वाढली की शरीरात बारीक सूज कायम धुमसत राहते, आणि ह्या सुजेमुळं लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं. आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह जायला एक दार असतं, फेरोपोर्टिन, हेपसिडिन ते दारच बंद करतं. म्हणजे माल दारात आलाय पण आत घ्यायला कोण नाही. वर सुजेमुळं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारा रक्तातला आकडा, वाढतं, म्हणून साठा कमी असला तरी रिपोर्टमध्ये ते कधीकधी नॉर्मल दिसतं आणि आपण निवांत.

ड जीवनसत्त्वाची तऱ्हा अजून वेगळी, ते चरबीत विरघळतं, त्यामुळं वाढलेल्या चरबीत पसरून बसतं आणि रक्तात कमी सापडतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ पण घसरू शकतं, ते एकदा डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं.

आणि जाड म्हणजे किती? भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८०, त्याच्या आत पाहिजे.

वहिनीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात, चहा जेवणानंतर तासाभरानं, तो पण कुरकुर करतच. मी घरात हे कंबरेचं सगळं वाचून दाखवत होतो तर काकूनं शिवणाच्या डब्यातनं टेप काढली आणि भावाला उभा केला. १०४ भरली. सोमवारी त्याचं पण रक्त द्यायला लावलंय.