नागपूरच्या उन्हातही न वाळणारी माती

पॉलिमर क्ले, म्हणजे दागिने घडवायची मऊ रंगीत माती, उन्हात वाळत नाही. नागपुरात हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ओली वस्तू गच्चीवर टाकायची आणि विसरून जायचे, ही इथल्या घराघरातली सवय. महाल भागातल्या एका घरी नातीने शिंपल्याच्या आकाराचे टॉप्स करून ताटलीत मांडले होते. आजी ताटली उचलून म्हणाली, “काऊन वं, हे अजून वाळलं नाही?” नात म्हणाली, “आजी, हे वाळत नसते. ओव्हनमधी भाजा लागते.”

नात बरोबर बोलत होती. या मातीत पाणीच नसते, त्यामुळे उन्हाने उडून जाईल असे काही तिच्यात नाही. खरे तर तिच्यात मातीही नसते. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी, अर्थात पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारा तेलकट द्रव म्हणजे प्लास्टिसायझर, थोडी खडूसारखी भर आणि रंग. घरातल्या नळाच्या पाइपात जे प्लास्टिक असते तेच हे, फक्त अजून एकसंध न झालेल्या अवस्थेतले.

गंमत म्हणजे हे प्लास्टिक माणसाच्या नजरेस पहिल्यांदा आले ते उन्हामुळेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ मध्ये व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेली काचपात्रे उन्हात ठेवली आणि आत पांढरा घट्ट पदार्थ जमला. तो इतका ताठर होता की त्याचा काही उपयोग सुचेना. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन याने तो उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवांत तापवला, आणि हाती रबरासारखा लवचीक पदार्थ आला. दागिन्यांच्या मातीचे बीज तिथे आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझ यांच्याकडे बाहुल्यांच्या डोक्यांसाठी असा एक पदार्थ आला. त्यांना तो जमला नाही, पण त्यांची मुलगी सोफी हिने त्यावर काम केले. तिचे घरचे नाव फिफी. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने तिची कृती विकत घेतली आणि ती माती ‘फिमो’ या नावाने बाजारात आली.

आता ओव्हनमध्ये काय होते ते पाहू. भिजवलेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. कच्चा असताना प्रत्येक दाणा वेगळा आणि पांढरा. कढईत उष्णता मिळाली की दाणे फुगतात, पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटतात. पीव्हीसीच्या कणांचेही असेच होते. साध्या तापमानाला ते प्लास्टिसायझरमध्ये नुसते बुडालेले असतात, फार तर वरवर भिजलेले. तापमान शंभरच्या पुढे गेले की द्रव कणांच्या आत शिरतो, कण फुगतात, त्यांच्यातल्या लांबलचक रेणूंना हालचालीला जागा मिळते. एका कणाचे रेणू शेजारच्या कणात घुसून गुंततात आणि कणांमधली सीमाच नाहीशी होते. थंड झाल्यावर हाती येतो तो एकसंध तुकडा.

म्हणून तापमान आणि वेळ यांत तडजोड चालत नाही. फिमोच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे असे लिहिलेले असते. स्कल्पी या दुसऱ्या ब्रँडच्या काही प्रकारांवर १३० अंशांना दर ६ मिलिमीटर जाडीमागे १५ मिनिटे. यापेक्षा कमी भाजले तर कण फक्त कडेने चिकटतात. असा टॉप्स वरून कडक दिसतो, पण हातातून फरशीवर पडला की तुटतो. नीट भाजलेली पातळ पाकळी वाकवली तर वाकते आणि पुन्हा सरळ होते. हीच खरी परीक्षा. नखाने टोकरून काही कळत नाही. जाड मण्याला वेळ बराच जास्त लागतो, कारण प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक आहे. जाडी दुप्पट झाली की उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो.

उलट दिशेची चूक जास्त वाईट. १७५ अंशांच्या आसपास आणि त्यापुढे पीव्हीसीच्या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो. हा वायू नाका-घशाला झोंबतो, आणि रेणूत मागे राहणाऱ्या दुहेरी बंधांच्या साखळ्यांमुळे पांढरा शिंपला आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळा पडतो. घरच्या ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक पडू शकतो. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्या. या छंदातली ती सर्वांत उपयोगी खरेदी आहे असे माझे ठाम मत आहे. मणी फरशीच्या टाइलवर ठेवले तर तापमानाचे चढ-उतार कमी होतात, आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल सैल झाकली तर पांढरे रंग वाचतात. खिडकी उघडी हवी. मायक्रोवेव्हमध्ये ही माती कधीही ठेवायची नाही.

म्हणजे नागपूरचे ऊन ही माती भाजायला अपुरे आहे. पण तिला बिघडवायला पुरेसे आहे, आणि इथल्या कारागिरांची खरी अडचण हीच. द्रव कणांत शिरण्याची क्रिया काही ११० अंशांना अचानक सुरू होत नाही. ती मंदपणे आधीपासूनच चालू असते. चाळिशीच्या वरच्या उष्णतेत बरेच दिवस पडलेली, किंवा भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत राहिलेली पाकिटे अर्धवट भाजल्यासारखी होतात. माती मळताना चुरा होऊन पडते. ऑनलाइन मागवलेला माल एप्रिल-मेमध्ये असा येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रवासातल्या उष्णतेचा असतो. वर्षभराची माती हिवाळ्यात मागवून फ्रिजमध्ये हवाबंद ठेवणे हाच शहाणपणा.

डबा कुठला, हाही रसायनाचाच प्रश्न आहे. प्लास्टिसायझरला पीव्हीसी मऊ करता येते तसे पॉलिस्टायरिनही मऊ करता येते. त्रिकोणात ६ आकडा असलेल्या, म्हणजे पॉलिस्टायरिनच्या, कडक, पारदर्शक डबीत कच्ची माती ठेवली तर काही दिवसांनी माती डबीला चिकटते आणि डबीचा तळ विरघळल्यासारखा होतो. २, ४ किंवा ५ आकड्याचे डबे चालतात. प्लास्टिसायझर मातीतून असा बाहेर झिरपतो, याचा उन्हाळ्यात फायदाही करून घेता येतो. दुपारी माती हाताला फारच चिकट लागली, तर तिची पातळ पोळी लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवायची. कागदावर तेलकट डाग उमटतो, तेवढा प्लास्टिसायझर कमी होतो आणि माती पुन्हा आकार धरू लागते.

आता समुद्राकडे वळू, कारण या मातीतून समुद्रकिनाऱ्यावरच्या वस्तूंसारखे दागिने छान घडवता येतात. किनाऱ्याच्या दागिन्यांत मला सर्वांत आवडते ती समुद्रकाच. फुटक्या बाटल्यांचे तुकडे लाटा आणि वाळूत वर्षानुवर्षे घोळले जातात, कडा बोथट होतात आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे पडतात. या खड्ड्यांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून काच धुकट दिसते. तीच काच ओली केली की खड्ड्यांत पाणी भरते, विखुरणे कमी होते आणि मूळ रंग उजळून वर येतो.

हा परिणाम मातीत आणायचा तर ‘ट्रान्सलूसंट’ प्रकारची क्ले लागते. तिच्यात अपारदर्शक भर कमी असते. कच्ची असताना तीही दुधाळ दिसते, कारण कण आणि द्रव यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा थोडा वळतो. भाजल्यावर सीमा पुसल्या जातात आणि प्रकाश आतपर्यंत जाऊ लागतो. म्हणजे मणी अर्धपारदर्शक होणे हीच कण जुळून आल्याची डोळ्यांना दिसणारी खूण. पण यामुळे रंगही भाजल्यावर गडद होतो. बाटलीचा हिरवा हवा असेल तर मुठीएवढ्या गोळ्याला मोहरीच्या दाण्याएवढा रंग घालून आधी एक नमुना मणी भाजून पाहावा. भाजलेला मणी थंड झाला की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचा आणि तिथेच थांबायचे. त्यावर वार्निश लावले तर ते खड्डे भरते आणि सगळे धुके जाते. ओल्या काचेचे जे होते तेच.

शिंपल्याच्या आतल्या चमकेचे गणित वेगळे. तिथे रंगद्रव्य नसते. शिंपल्यातला जीव कॅल्शियम कार्बोनेटच्या चपट्या स्फटिकांचे थर रचतो. एकेक थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्याच मापाचा, आणि मध्ये प्रथिनांचा पातळ पापुद्रा. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही मावळतात. शिंपला फिरवला की रंग सरकतात ते यामुळे. पर्ल क्ले आणि पर्ल पावडर यांत हीच युक्ती अभ्रकाने केलेली असते. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप देतात. लेप पातळ असेल तर चंदेरी, तो वाढवत नेला की क्रमाने सोनेरी, लाल, निळा, हिरवा. पदार्थ तोच, फक्त जाडी वेगळी. झारखंड-बिहारमधल्या अभ्रकाच्या खाणींत लहान मुले राबतात हे उघड झालेले आहे, म्हणून पावडर घेताना कृत्रिम अभ्रकाची आहे का हे पाहूनच घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

अभ्रकाचे पापुद्रे चपटे असल्याने माती एकाच दिशेने पुन्हा पुन्हा लाटली की ते सगळे आडवे पडतात. पोळीचा वरचा भाग लखलखतो, कापलेली कड मात्र मंद दिसते. पोळीवर शिंपल्याच्या रेषांचा छाप दाबून, वर आलेला भाग धारदार पात्याने सपाट तासला तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, पण आत रेषा उठलेल्या दिसतात. पहिल्यांदा पाहणारा त्यावरून बोट फिरवून पाहतोच.

वाळूसाठी समुद्रावर जायची गरज नाही. कन्हान नदीची रेती चाळणीने चाळून, धुऊन, कडकडीत वाळवून घ्या. ओलावा राहिला तर भाजताना वाफ होऊन फुगे येतात. रेतीतल्या गारेच्या कणांना १३० अंशांनी काहीही होत नाही. मात्र ती थोडीच घाला. दोन रेतीकणांमध्ये जोडायला पुरेशी माती उरली नाही तर मणी भुसभुशीत होतो.

आणि लाटांनी झिजलेल्या खडकाचा खडबडीतपणा हवा असेल तर स्वयंपाकघरातले जाडे मीठ घ्यावे. मिठाचे खडे कच्च्या मण्यावर दाबून बसवा आणि तसाच भाजा. मीठ ८०१ अंशांना वितळते, त्यामुळे ओव्हनमध्ये ते जसेच्या तसे राहते. प्लास्टिसायझरमध्ये ते विरघळत नाही. भाजून झाल्यावर मणी कोमट पाण्यात टाका. खड्यांच्या कडा आधी गोल होतात, मग खडा जागच्या जागी सैल होतो आणि शेवटी तिथे फक्त चौकोनी कोपऱ्यांचा रिकामा खळगा उरतो. भिंगातून पाहिले तर मिठाच्या घनाकृती स्फटिकांचा साचाच तिथे दिसतो. या खळग्यांत तपकिरी अॅक्रिलिक रंग भरून वरचा पुसून घेतला की मणी जुन्या प्रवाळासारखा दिसतो.

भोके कच्चेपणीच पाडायची तर दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी टोचा, म्हणजे एका तोंडाला कड उठत नाही. मणी लाकडी काडीत ओवून अधांतरी भाजले की खालून चपटे होत नाहीत. घासणे नेहमी ओलेच करायचे. कोरडी धूळ प्लास्टिकची असते आणि ती फुप्फुसात जाते. ते पाणी कापडातून गाळून गाळ कचऱ्यात टाका, मोरीत नको. समुद्राच्या नावाने केलेल्या दागिन्याचा चुरा नाल्यातून नदीला आणि नदीतून समुद्रालाच मिळावा, हे मला पटत नाही. चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका: त्यातले द्रावक पीव्हीसीत शिरतात आणि महिन्याभराने मणी चिकट होतो. पाण्यात मिसळणारे वार्निश चालते.

राहिला प्रश्न कुठला शंख घडवायचा. नॉटिलससारख्या काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे खरा शंख अंगावर मिरवण्यापेक्षा मातीचा बरा. पण नागपूरकरांनी आधी आपल्याच जमिनीकडे पाहावे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज शहरात आहे, त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये नागपूर परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. टाकळीच्या परिसरात काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ दबलेला आहे, आणि त्यात फायसा गटातल्या गोगलगाईंचे शंख सापडतात. लाव्हाचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. एक थर ओतला गेल्यावर पुढचा येईपर्यंत मधल्या काळात इथे तळी साचली आणि त्यांत हे जीव राहिले. समुद्राचे नव्हे, गोड्या पाण्याचे शंख, पण नागपूरचे.

त्यांची ओळख सोपी आहे. बहुतेक समुद्री शंख टोक वर करून समोर धरले तर तोंड उजवीकडे येते. फायसाचे डावीकडे येते. मातीची एका टोकाला निमुळती होत जाणारी वळी करा. बारीक टोकापासून सुरुवात करून ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळत खाली उतरवा, शेवटचा वेढा इतरांपेक्षा चांगला फुगीर ठेवा आणि सांधे बोटाने हलके मिटवा. टोक वर धरून पाहा. तोंड उजवीकडे आले असेल तर वळी उलगडून दुसऱ्या बाजूने गुंडाळा. कच्ची माती कितीही वेळा मोडता येते.