इंजिन, पॅकेज आणि तीन अक्षरी कोड: एका यादीची पार्श्वभूमी

स्पोर्ट्स कार घेताना इंजिन आधी ठरवायचे की पॅकेज, म्हणजे एकत्र बांधून विकलेले जादा भाग, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. कारखान्याची ऑप्शनची यादी प्रत्यक्ष घेऊन बसले की कळते, निम्मे निर्णय आपल्या आधीच कोणीतरी घेऊन ठेवले आहेत. अमुक गिअरबॉक्स हवा तर वरचेच इंजिन घ्यावे लागते, त्या इंजिनाबरोबर एक पॅकेज सक्तीने येते आणि पॅकेजबरोबर टायरही बदलतात. या साखळ्यांचा उगम बऱ्याच अंशी साठच्या दशकातल्या अमेरिकेत आहे, आणि त्या बहुतेक वेळा कोणता ना कोणता नियम चुकवण्यासाठी तयार झाल्या.

त्याआधीची कथा लहान आहे. शेव्हरले या अमेरिकी कंपनीच्या कॉर्वेट या स्पोर्ट्स कारला १९५३ मध्ये, पहिल्या वर्षी, निवड अशी नव्हतीच. ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, सहा सिलिंडरचे १५० हॉर्सपॉवरचे इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक. रेडिओ आणि हीटर कागदावर ऑप्शन होते, पण प्रत्येक गाडीत बसवूनच यायचे. १९५५ मध्ये व्ही-८ आले. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आले आणि २८३ घन इंचांतून (हे इंजिनाच्या सिलिंडरांच्या आकारमानाचे माप) २८३ हॉर्सपॉवर मिळू लागली. गाडी एकच आणि इंजिने पाच, ही रीत तेव्हापासून रुळली.

त्याच वर्षी अमेरिकी कार उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितले. शर्यतीचे विभाग बंद झाले, पण तिथे तयार झालेले ब्रेक, स्प्रिंगा आणि गिअर कुठे जाणार? ते ‘हेवी ड्यूटी’ या निरुपद्रवी नावाने ऑप्शनच्या यादीत शिरले. कोणालाही मागवता येतील असे, पण काय मागवायचे हे ठाऊक असलेल्यालाच कळतील असे.

या पद्धतीचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे १९६३ च्या कॉर्वेटवरचे झेड०६ या तीन अक्षरी कोडचे पॅकेज. किंमत १,८१८ डॉलर ४५ सेंट, म्हणजे कूपेच्या मूळ किमतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. त्यात ३६.५ गॅलनची अवाढव्य टाकी होती, लांब पल्ल्याच्या शर्यतीत पेट्रोल भरायला कमी वेळा थांबावे लागावे म्हणून. पॉवर ब्रेक होते, ड्रमच्या आत धातूचे लायनिंग आणि ते थंड ठेवण्याची सोय होती, कडक सस्पेन्शन होते. हे पॅकेज घ्यायचे तर ३६० हॉर्सपॉवरचे इंजेक्शनचे इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल आणि मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल (एकच चाक रिकामे फिरू न देणारे) घेणे भाग होते. पुढे टाकी पॅकेजमधून काढून वेगळा ऑप्शन केली आणि पॅकेजची किंमत उतरली. एकूण १९९ गाड्या बनल्या, त्यांपैकी मोठी टाकी फक्त ६३ गाड्यांत. आज ज्या अटींचा खरेदीदाराला राग येतो, त्या अटी इथे शंभर टक्के समर्थनीय होत्या. एवढ्या ताकदीला साधे ब्रेक चाललेच नसते.

वर्षभरातच अटींचा हेतू बदलला. शेव्हरले ज्या समूहातली कंपनी, त्या जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. नियम मॉडेलना लागू होता, ऑप्शनबद्दल त्यात शब्द नव्हता. मग त्याच समूहातल्या पॉन्टिअॅकच्या १९६४ च्या टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीवर ३८९ घन इंचांचे इंजिन ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून आले आणि त्याला जीटीओ हे नाव मिळाले. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. ही गाडी काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नाही, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण पॅकेज हे गाडीपेक्षा मोठे नाव होऊ शकते हे विक्री विभागांना तिने शिकवले. १९६७ चा शेव्हरले कॅमारो झेड/२८ त्याच वाटेने आला. शर्यतीच्या नियमांत इंजिनाला ३०५ घन इंचांची मर्यादा होती. ३२७ घन इंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ च्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट बसवून ३०२ घन इंच साधले गेले आणि पहिल्या वर्षी ६०२ गाड्या निघाल्या.

आता ज्या शब्दाने सर्वांत जास्त गोंधळ घातला, त्याकडे. हॉर्सपॉवर.

१९६७ च्या कॉर्वेटच्या यादीत ४२७ घन इंचांची दोन इंजिने शेजारी शेजारी होती. एल७१ ची जाहीर ताकद ४३५ हॉर्सपॉवर, जादा किंमत ४३७ डॉलर १० सेंट. एल८८ ची जाहीर ताकद ४३०, जादा किंमत ९४७ डॉलर ९० सेंट. पाच हॉर्सपॉवर कमी आणि पैसे दुपटीहून जास्त. आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस एल७१ घेणार, आणि यादी लिहिणाऱ्यांना नेमके तेच हवे होते. एल८८ ची खरी ताकद ५०० च्या बरीच वर होती. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, १२.५ होता आणि गाडीत १०३ रिसर्च ऑक्टेनहून (पेट्रोलच्या प्रतीचे माप) कमी प्रतीचे इंधन घालू नका असा इशारा चिकटवलेला असे. त्याच्याबरोबर हेवी ड्यूटी ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स सक्तीचे होते. रेडिओ मिळत नसे आणि हीटर काढून टाकला जाई. रोजच्या वापरासाठी कोणी चुकून घेऊ नये म्हणून गाडी मुद्दाम गैरसोयीची ठेवली होती. त्या वर्षी २० गाड्या बनल्या.

आकडा कमी का सांगितला, यावर आजही वाद होतात. विम्याचे हप्ते, शर्यतीतले वर्गीकरण, अननुभवी गिऱ्हाइकाला लांब ठेवणे, अशी कारणे सांगितली जातात. कारण कोणतेही असो, खरेदीदाराला खोटी माहिती दिली हे उरतेच. चाहते त्याचे कौतुक करतात. मला ते पटत नाही. यादीचे पहिले काम खरे सांगणे हे आहे.

कमी सांगण्याची उदाहरणे मोजकी होती, जास्त सांगणे मात्र सार्वत्रिक होते, आणि तेही नियमात बसत होते. त्या काळात ताकद ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजत. इंजिन चाचणीच्या स्टँडवर ठेवायचे, त्याला अल्टरनेटर नाही, पंखा नाही, एअर फिल्टर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही, आणि मिळेल तो आकडा छापायचा. १९७२ च्या मॉडेलांपासून ‘नेट’ पद्धत आली. गाडीत बसवताना जे जे जोडायचे, ते सगळे जोडून मोजायचे. तेवढ्यात शिसेविरहित पेट्रोलाची तयारी म्हणून १९७१ मध्ये कॉम्प्रेशनही उतरवले होते. दोन्ही बदल वर्षभराच्या अंतराने आले आणि लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले.

कॉर्वेटचे एलटी-१ इंजिन घेतले की हा गुंता सुटतो. १९७० मध्ये ३७०, १९७१ मध्ये ३३०, १९७२ मध्ये २५५. दोन वर्षांत ११५ घोडे पळाले असे वाटते. पण ३७० आणि ३३० दोन्ही ग्रॉस आहेत. तिथली ४० ची घट खरी आहे, कॉम्प्रेशन ११ वरून ९ वर आल्याची. ३३० वरून २५५ या घसरणीतला मोठा भाग मात्र निव्वळ मोजपट्टी बदलल्याचा. १९७२ ची गाडी ‘मेलेली’ म्हणून ज्यांनी सोडली, त्यांनी बरेचसे एका छापील आकड्यापायी सोडली. त्या काळाबद्दल शोक करणारे लेख भरपूर निघतात. नेट आकडा हा खरेदीदाराला मिळालेला मोठा न्याय होता, हे त्यांत क्वचितच येते.

युरोपी एकक अजून एक पेच घालते. तिथला ‘पीएस’ म्हणजे ०.७३५५ किलोवॅट आणि अमेरिकी हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४५७. त्यामुळे पोर्श या जर्मन कंपनीच्या एकाच ९११ कॅरेराची ताकद एका माहितीपत्रकात ३८५ आणि दुसऱ्यात ३७९ दिसते. इंजिन तेच. दोन गाड्यांची तुलना करताना आकडे किलोवॅटमध्ये आणले की हा प्रश्न मिटतो.

तिकडे ९११ मध्ये निवड इंजिनाच्या आकाराची नव्हती, ट्यूनिंगची होती. १९६९ च्या मॉडेलांत दोन लिटरचेच इंजिन टी, ई आणि एस या अक्षरांनी ११०, १४० आणि १७० पीएस देत असे. १९७२ च्या अखेरीस आलेल्या २१० पीएसच्या कॅरेरा आरएस २.७ ने मात्र पॅकेजच्या इतिहासात वेगळेच पान जोडले. शर्यतीच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, बनल्या १,५८०. एम४७१ हा कोड घेतला तर हलकी ‘स्पोर्ट’ गाडी मिळे. पातळ पत्रा, पातळ काच, मागची सीट नाही, दार ओढायला साधा पट्टा. एम४७२ म्हणजे ‘टूरिंग’, आतून नेहमीच्या ९११ एससारखी आणि सुमारे १०० किलो जड. २०० जणांना पहिली मिळाली, १,३०८ जणांना दुसरी. म्हणजे शर्यतीच्या नावाने जन्मलेल्या गाडीच्या खरेदीदारांतही बहुसंख्यांना आराम हवा होता. पॅकेजचे अर्थकारण आजतागायत याच गणितावर चालते.

‘टूरिंग’ हा शब्द पुढे अंगावरची कातच टाकतो. २०१७ मध्ये ९११ जीटी३ ला, म्हणजे ९११ च्या ट्रॅकसाठीच्या आवृत्तीला, त्याच नावाचे पॅकेज मिळाले, तेव्हा त्याचा मुख्य अर्थ होता मागचा मोठा स्थिर पंख काढून टाकणे, आणि त्यासोबत मॅन्युअल गिअर सक्तीचे. नावावरून आत काय आहे हे ओळखणे त्यामुळे धोक्याचे. झेड०६ चेही तेच झाले. १९६३ चा तो ऑप्शन कोड २००१ पासून वेगळ्या मॉडेलचे नाव आहे, आणि २०२३ च्या गाडीत त्या नावाखाली ५.५ लिटरचे ६७० हॉर्सपॉवरचे स्वतंत्र इंजिन आहे.

गेल्या दशकात इंजिनापेक्षा गिअरबॉक्स जास्त गाजला. २०१३ चा जीटी३ फक्त दोन क्लचच्या ऑटोमॅटिकसह आला. स्टॉपवॉचवर तो सरस होता, त्यात शंका नाही. तरी चालवणाऱ्यांची नाराजी एवढी झाली की २०१६ च्या ९११ आर मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल परतला आणि २०१७ च्या जीटी३ वर तो जादा पैसे न घेता मिळू लागला. पुढच्या पिढीत साध्या कॅरेराला मॅन्युअल ठेवलाच नाही. तो हवा असेल तर कॅरेरा एस, म्हणजे वरचे इंजिन, आणि त्याच्यासोबत स्पोर्ट क्रोनो हे जादा उपकरणांचे पॅकेज. ज्याला कमी ताकदीची, साधी, हाताने गिअर टाकायची गाडी हवी, त्याला जास्त ताकद आणि जास्त उपकरणे विकत घ्यावी लागली. २०२२ मध्ये कॅरेरा टी ने लहान इंजिन आणि मॅन्युअल पुन्हा एकत्र आणले, तोवर अनेकांनी नको असलेल्या गोष्टींचे पैसे मोजून झाले होते. १९६३ च्या अटीमागे ब्रेकचे शास्त्र होते. इथे तसे काही दिसत नाही.

निवड आखडण्यामागे एक कमी बोलले जाणारे कारणही आहे. सप्टेंबर २०१८ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही इंधनाचा खप आणि उत्सर्जन मोजणारी चाचणी लागू झाली. त्यात उत्सर्जनाचा आकडा मॉडेलचा न राहता त्या विशिष्ट गाडीचा झाला, तिच्या ऑप्शनांचे वजन, टायर आणि हवेचा रोध धरून. ऑप्शन जितके सुटे, तितके आकडे जास्त. ते गाठोड्यात बांधणे कारखान्याला सोपे पडते.

सध्याच्या मधल्या इंजिनाच्या कॉर्वेटमध्ये जुनी आणि नवी दोन्ही तत्त्वे एकाच कोडमध्ये आढळतात. झेड५१ घेतले की मोठे ब्रेक, वेगळे सस्पेन्शन, जादा कूलिंग, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आणि उन्हाळी टायर येतात. सोबतच्या परफॉर्मन्स एक्झॉस्टमुळे ४९० चे ४९५ हॉर्सपॉवर होतात. जाहिरातीत ते पाच घोडे पुढे असतात. ट्रॅकवर पंधरा मिनिटे सलग फिरवणाऱ्याला उपयोग कूलिंगचा आणि ब्रेकचा, आणि थंडीत गाडी बाहेर काढणाऱ्याला अडचण टायरची.

जुन्या कॉर्वेटचा खरेपणा तपासणारे आजही पेट्रोलची टाकी खाली उतरवतात. १९६७ पासून कारखान्यात टाकीच्या वरच्या बाजूला त्या गाडीच्या ऑप्शनांचा कागद चिकटवत असत. पिवळा पडलेला, कडा फाटलेला, काही ठिकाणी टाकीच्या गंजात विरघळलेला. त्यावर रकाने आहेत, कोड आहेत. एल८८ च्या रकान्याबरोबर सी४८ ही नोंद सापडली, म्हणजे हीटर काढल्याची, की तपासणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. मागवणाऱ्याने थंडीत कुडकुडणे कबूल करून ते इंजिन घेतले होते.