तीन ठिकाणी टेकलं, म्हणून गोल?

सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन, शिकायला लागलो तेव्हा वाटायचं, जॉब (मोजायचा भाग) टेबलावर ठेवला की मशीन माप सांगणार. ग्रॅनाइटचं जाडजूड टेबल, हवेच्या पातळ थरावर अलगद सरकणारे अक्ष, बाहेर कितीही ऊन असलं तरी २० अंशांवर ठेवलेली खोली. एवढ्या थाटामाटाच्या मशीनला जॉब दिसतच नाही, हे कळायला दोन दिवस गेले. त्याला फक्त बिंदू कळतात.

प्रोबच्या, म्हणजे जॉबला स्पर्श करणाऱ्या काडीच्या, टोकाला कृत्रिम माणकाची, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी असते. ती धातूला टेकली की काडी किंचित कलते, आतला विद्युत संपर्क तुटतो आणि त्याच क्षणी त्या जागेचे एक्स, वाय, झेड अंक नोंदले जातात. हा टच-ट्रिगर प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काँकॉर्ड विमानाच्या इंजिनाचे इंधन पाइप मोजण्यासाठी बनवला. नोंद होते ती गोळीच्या केंद्राची, पृष्ठभागाची नव्हे. म्हणून आधी अचूक माप माहीत असलेल्या गोलावर प्रोब कॅलिब्रेट करायचा, मगच जॉबला हात लावायचा.

कुठे आणि किती ठिकाणी टेकवायचं, हे मात्र माणसानेच ठरवायचं. खरं शिक्षण इथेच आहे.

एकदा २० मिलिमीटरची पिन बुशमध्ये, म्हणजे ती बसते त्या पोकळ नळीत, जाईना. मायक्रोमीटरने कुठूनही मोजा, व्यास १९.९९०. बुशचं छिद्र १९.९९६. मी सीएमएमवर १२० अंशांच्या अंतराने तीन बिंदू घेतले. गोलाईतली चूक शून्य! शून्य येणारच होती. एका रेषेत नसलेल्या कुठल्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातंच. चार बिंदू घेतले तरी शून्यच, फक्त केंद्र थोडं सरकलेलं दिसलं. शिकवणारे सर म्हणाले, “अकरा घे.”

अकरा बिंदूंचा ग्राफ मोठा करून पाहिला आणि बेलाच्या पानासारखे तीन फुगवटे उघडे पडले. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे जॉब टोकांना न धरता दोन चाकांच्या मध्ये फिरवत घासताना, असा आकार तयार होऊ शकतो. फुगवट्याच्या बरोबर समोर खळगा येतो, त्यामुळे व्यास सगळीकडे सारखाच भरतो. समान अंतरावरचे तीन बिंदू एक तर तिन्ही फुगवट्यांवर पडतात, नाही तर तिन्ही खळग्यांत, नाही तर दोन्हींच्या मध्ये सारख्याच उंचीवर. चार बिंदूंत हीच खोट केंद्र सरकल्याचा वेश घेते. आपल्या पिनचा प्रत्येक फुगवटा ५ मायक्रॉनचा (०.००५ मिलिमीटरचा) होता, म्हणजे तिला २०.००० चं छिद्र हवं होतं.

केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी असलेली ही गोष्ट हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. ग्राफ घेऊन आम्ही ग्राइंडिंगवर गेलो. तिथल्या काकांनी तो नीट पाहिला, जॉब चाकांच्या मध्यरेषेपासून थोडा वर घेतला आणि नवीन पिन काढली. ती बोटाने सरळ आत गेली.