गेजच्या आकड्यात हवेचा दाब मिळवा: बुडबुड्यांचं सिम्युलेशन करून घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्यातून आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पंप, व्हॉल्व्ह किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनिंगच्या टाक्या बनवतात. कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बुडबुडे होऊन ते मिटताना धातूला मार बसणं, हे त्यांना सांगावं लागत नाही. वाळवी लागल्यासारखे इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्यावर पडलेले खड्डे त्यांनी हातानं चाचपलेले असतात. हे खड्डे नेमके कुठे पडणार, किती जोराने पडणार आणि डिझाइनमध्ये काय बदललं तर टळतील, हे माल ओतायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढून देणं हे आमचं काम.

या कामात सगळ्यात जास्त वेळ मेश (हिशेबासाठी जागेचे बारीक तुकडे, म्हणजे पेशी, पाडलेली जाळी) बनवायला जातो असं लोकांना वाटतं. तसं नाही. एकच माहिती चुकून येते आणि तीच आमचा आणि तुमचा आठवडा खाते. ती म्हणजे दाब. तुम्ही गेजवरचा आकडा पाठवता आणि आम्हाला लागतो निरपेक्ष दाब, म्हणजे गेजचा आकडा अधिक बाहेरच्या हवेचा दाब.

यात एवढं काय, असं फोनवर बरेचजण म्हणतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हॉल्व्ह एकदम बंद झाला की पाण्यात दाबाची लाट उठते. लोखंडी पाइपात सेकंदाला 1 मीटर वेगानं चाललेलं पाणी एकदम थांबलं, तर दाब 10 ते 12 किलोनं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर इतक्या किलोनं) चढतो. ही लाट वाटेतल्या हवेच्या बुडबुड्यावर आदळली की बुडबुडा फुग्यासारखा सगळीकडून सारखा आवळला जात नाही. लाट ज्या बाजूनं येते ती बाजू आधी आत दबते, तिथून पाण्याची बारीक धार सुटते आणि बुडबुड्याच्या पोटातून आरपार जाऊन पलीकडच्या बाजूवर आपटते. समोर धातू असेल तर मार धातूला बसतो. मुतखडा फोडायची शॉक वेव्हची मशिनं 1980 पासून माणसांवर वापरात आहेत. खड्यावर चालणाऱ्या माऱ्यात अशा बुडबुड्यांचाही वाटा असतो. बुडबुड्याचं हे मिटणं डोळ्यांची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅलेनं 1917 साली दिलेल्या सूत्रानं 1 मिलिमीटर त्रिज्येची रिकामी पोकळी 1 किलोच्या दाबाखाली सुमारे 92 मायक्रोसेकंदात मिटते.

बुडबुडा रिकामा नसला तर आतली हवा गादीचं काम करते. गादी जाड असेल तर आपटणं सौम्य, पातळ असेल तर जोरात. ती किती जाड आहे हे ठरवतो निरपेक्ष दाब.

समजा तुमच्या लाइनवर गेज 1 किलो दाखवतो आणि लाटेच्या वेळी 11. हे आकडे जसेच्या तसे भरले तर कॉम्प्युटरला वाटतं दाब अकरा पट झाला. आपल्या भागात हवेचा दाब सुमारे 0.97 किलो असतो. तो मिळवला की आकडे होतात 1.97 आणि 11.97, म्हणजे दाब सहा पटच. शिवाय चुकीच्या हिशेबात बुडबुड्यातली हवा निम्मीच धरली जाते. गादी निम्मी, वरून मार जवळपास दुप्पट. रिपोर्टमध्ये मग भयंकर आकडे येतात आणि तुम्ही विनाकारण महागाचं मटेरियल घ्यायला निघता.

यात खरी अडचण अशी की कॉम्प्युटर थांबत नाही. गेजचा शून्य भरला तर निदान गणित बंद पडतं आणि चूक कळते. 1 भरला तर रन शेवटपर्यंत सुरळीत जातो, चित्रंही सुंदर येतात. कारण पाण्यासाठी वापरतात त्या समीकरणात सहा हजार किलोच्या घरातला एक स्थिरांक आधीच बसलेला असतो. त्यात एक किलो इकडेतिकडे झाला तर पाण्याला पत्ताही लागत नाही. फरक पडतो तो फक्त हवेला, आणि आपलं सगळं लक्ष असतं त्या हवेवरच. एका व्हॉल्व्हच्या कामात आमचे असे अकरा दिवस गेले. ड्रॉइंग अगदी चोख होतं, दाबापुढे फक्त आकडा होता. रिपोर्ट समजावून सांगताना बोलण्यातून कळलं की तो गेजचा. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

दुसरी बारीक गोष्ट आपल्या मराठवाड्याची. पुस्तकात हवेचा दाब 1.033 किलो किंवा पाऱ्याचे 760 मिलिमीटर लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. छत्रपती संभाजीनगर सुमारे 570 मीटर उंचीवर आहे. इथं तो 710 मिलिमीटरच्या आसपास भरतो. डिस्चार्जच्या, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या, मोठ्या आकड्यांत हा फरक बुडून जातो, सक्शनला, म्हणजे पाणी ओढलं जातं त्या बाजूला, नाही. व्हॅक्यूम गेज (बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती कमी आहे ते दाखवणारा) 380 मिलिमीटर दाखवत असेल तर पुस्तकाच्या हिशेबानं 0.52 किलो उरतो, इथल्या हिशेबानं 0.45. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर ओढेनाशी होते. पाण्याच्या उंचीत मोजलं तर समुद्रकाठापेक्षा आपल्याकडे पाऊणएक मीटर आधीच.

साखर कारखान्याच्या गरम पाण्याच्या पंपाचं काम असेल तर तापमान लिहायला विसरू नका. 80 अंशाला पाण्याच्या वाफेचा दाबच 0.48 किलो असतो. म्हणजे वरचाच सक्शन घेतला तर पुस्तकी आकड्यानं पंप कसाबसा वाचतो आणि इथल्या आकड्यानं पाणी पाइपातच उकळतं.

म्हणून फॉर्मवर प्रत्येक दाबापुढे 'गेज' किंवा 'निरपेक्ष' लिहिल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण एकदा रन सुरू झाला की मशीन दुसरं काम घेऊ शकत नाही आणि वाया गेलेल्या दिवसांचा खर्च कुणाच्या तरी बिलात येतोच. निरपेक्ष आकडा काढता येत नसेल तर काढू नका. गेजचा फोटो, तो लाइनवर कुठे बसवलाय ते आणि गावाचं नाव पाठवा. बाकी हिशेब आम्ही करू.

कोटेशनबद्दलही विचारणा होते. मेश दुप्पट बारीक करा, थोडे जास्त देतो, असं म्हणतात. त्रिमितीत मेश दुप्पट बारीक केला की पेशी आठपट होतात आणि वेळेची पावलंही निम्म्या लांबीची घ्यावी लागतात, म्हणजे काम सोळापट. भिंतीजवळच्या एका बुडबुड्याचा प्रश्न असेल तर अक्षाभोवती सममिती धरून द्विमितीत तो थोडक्या पैशांत सुटतो. जिथे हे चालतं तिथे आम्ही स्वतःहून तेच सुचवतो.

रिपोर्टच्या सुरुवातीला हेलियमच्या बुडबुड्याचं चित्र का असतं, आमच्या पंपात हेलियम कुठे आहे, हाही नेहमीचा प्रश्न. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हास आणि स्टर्टव्हंट यांनी हवेतली शॉक वेव्ह हेलियमच्या आणि आर-22 च्या बुडबुड्यांवर सोडून त्यांचे फोटो 1987 साली प्रसिद्ध केले. आर-22 म्हणजे जुन्या एसीत भरायचे तोच गॅस. हेलियममध्ये आवाज सेकंदाला सुमारे 1000 मीटर धावतो, त्यामुळे लाट आत शिरून पुढे पळते आणि फाकते. आर-22 मध्ये तो 180 च्या आसपास, म्हणून लाट मागे रेंगाळते आणि एका जागी एकवटते. आमचा प्रोग्राम या दोन्ही गोष्टी बरोबर दाखवतो की नाही हे आम्ही प्रत्येक मोठ्या कामाआधी तपासतो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही, आणि ते पान काढून टाका म्हटलं तरी काढत नाही. तुमचा ग्राहक उद्या विचारेल की या चित्रांवर विश्वास का ठेवायचा, तेव्हा दाखवायला तेच पान असतं.

नवीन काम असेल तर ड्रॉइंग तयार व्हायची वाट पाहू नका. आधी फक्त दाब, तापमान आणि पाण्याचा वेग कळवा. एवढ्यावरून सिम्युलेशनची गरज आहे की नाही हे आम्ही कोटेशनच्या आधी फुकट सांगतो. गरज नसेल तर तसं लिहून देतो. वाळूज परिसरात असाल तर शनिवारी आमचा माणूस येऊन गेज पाहून जाईल. त्या दिवशी लाइन चालू ठेवा.