बोटॉक्स म्हणजे सापाचं विष? जरा थांबा

"बोटॉक्स म्हणजे सापाचं विष, नट्यांच्या सुरकुत्यांसाठी शोधलेलं" हा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय. विष हा शब्द खोटा नाहीये, त्यामुळे पटतो पण लगेच. फक्त ते सापाचं नाही, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं. नावातला बोट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, कारण १९व्या शतकात जर्मनीत खराब सॉसेज खाऊन लोक मरायचे, त्यावरून हे नाव पडलं.

आता नट्यांचं बघू. अमेरिकेत १९८९ला याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या त्रासासाठी, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी मिळाली थेट २००२ला! म्हणजे डोळ्यांचं औषध आधी, मधे पापण्यांच्या पेशंटच्या आठ्या पण गेलेल्या दिसल्या, तिथून पुढे ब्युटीवाले आले. आज हेच इंजेक्शन जुनाट मायग्रेनला, काखेतल्या अती घामाला, स्ट्रोकनंतर आवळून बसलेल्या हाताला देतात.

ते चेहऱ्यात काही "भरत" नाही हां, भरतात तो फिलर, ती वेगळी गोष्ट. हे नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू सैल पडतो, तीनचार महिन्यांत परत पहिल्यासारखा. डोस अगदी सूक्ष्म असतो, तरी गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टर गाठायचा, म्हणून पार्लरमध्ये तर नकोच.

खात्री करायचीय? डॉक्टरांकडे बाटलीसोबतचा कागद मागा, त्यावर बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए असं लिहिलेलं असतं, खाली कोणकोणत्या आजारांना चालतं ते पण.