निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही

‘नाडी घड्याळासारखी एकसारखी, म्हणजे तब्येत ठणठणीत’ हे मुंबईत बागेतल्या बाकापासून लोकलच्या डब्यापर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे. निरोगी माणसाच्या ईसीजीत दोन ठोक्यांमधलं अंतर 812, 861, 838 मिलिसेकंद असं हलत राहतं. श्वास घेताना कमी, सोडताना जास्त. हा चढउतार फार आटला, तर ती काळजीची गोष्ट.

पण ‘जितकं अनियमित तितकं उत्तम’ हेही खरं नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात तेव्हा, ठोके सैरभैर पडतात, एन्ट्रॉपी (अनियमिततेचं माप) वाढते, आणि तो आजार आहे. म्हणून ठोक्यांच्या क्रमात काही सूत्र आहे का, हे डीएफए (डीट्रेंडेड फ्लक्चुएशन अॅनालिसिस) या गणिती पद्धतीनं बघतात: त्यातून निघणारा अल्फा-1 हा आकडा विश्रांतीत साधारण 1 च्या आसपास असतो, सूत्रच नसेल तर 0.5 कडे जातो.

दादरचा पूल चढून आल्या आल्या हे मोजायला बसू नका. आधी दहा मिनिटं शांत पडा, मग सलग 5 मिनिटांचा ईसीजी घ्या. मध्येच आलेला एखादा जादा ठोका 500 आणि 1150 मिलिसेकंद अशी विचित्र जोडी सोडून जातो. ती नजरेनं शोधून दुरुस्त केल्याशिवाय गणित करूच नये. मनगटावरचं स्मार्टवॉच तर हात हलला तरी असे खोटे ठोके नोंदवतं.